वाचक बदलले, की आपण विचारायला उशिरा गेलो?

सिनॉप्सिस लिहिताना हाताला सगळ्यात सहज येणारं वाक्य कोणतं, तर ‘काळानुसार लोकांची मानसिकता बदलली आहे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं, तेही पहिल्याच पानावर. गाईडनी त्याखाली पेन्सिलनं एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’ त्या एका शब्दानं माझे चार महिने खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं. पीएच.डी.त मी मतं काळानुसार बदलतात का, हे मोजायच्या पद्धती अभ्यासते. उदाहरण म्हणून मी घेतला होता लोकप्रिय कादंबरीतला दांडगा नायक. अमेरिकेत तो काउबॉय असतो. घोडा, बंदूक, मोजकं बोलणं, आणि नायिकेच्या ‘नाही’चा अर्थ स्वतःच ठरवणं. आपल्याकडे तो इनामदाराचा मुलगा असेल, शिकारी असेल, नाहीतर बडा बागाईतदार. (घोडे आणि बंदुका आपल्या कादंबऱ्यांतही कमी नव्हत्या, हे बाबा कदम वाचलेल्यांना सांगायला नको.) माझं म्हणणं सोपं होतं: पूर्वी बायकांना असा नायक आवडायचा, आता खटकतो.

पुरावा कुठून आणायचा? घरूनच सुरुवात केली. आमचं गाव बपेरा, तुमसर तालुक्यात. पलीकडे मध्य प्रदेश लागतो. आईनं लग्नाआधी वाचनालयातल्या कादंबऱ्यांचा फडशा पाडलेला. तिला विचारलं, तर ती म्हणाली, “मले तं तो तवाई आवडत नोहता. बाईमाणसाले असं ओढते का कोणी?” मी लगेच वहीत लिहून घेतलं. मावशी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. ती हसायला लागली. “खोटं नोको बोलू ताई. तूच तं त्याचं नाव वहीवर लिहून ठेवलं होतं.”

आई खोटं बोलत नव्हती, हे मला आजही वाटतं. आपण जुनं मत आठवतो तेव्हा ते कपाटातून काढल्यासारखं जसंच्या तसं बाहेर येत नाही. आजच्या मतावरून आपण ते पुन्हा रचतो, आणि ‘मी आधीपासूनच अशी होते’ असं आपल्याला मनापासून वाटतं. म्हणजे मी १९८५ सालची प्रतिक्रिया मोजत नव्हते. आजचीच दोनदा मोजत होते. प्रयोगशाळेत कुणी आजचं तापमान घेऊन त्यावर कालची तारीख टाकली तर आपण त्याला हाकलून देऊ. मुलाखतीत मात्र हे सर्रास चालतं.

बरं, समजा आठवण पक्की आहे. तरी अडचण सुटत नाही. आईचा जन्म १९६८ चा. १९८५ मध्ये ती १७ वर्षांची, २०२५ मध्ये ५७ ची. तिचं मत बदललं असेल तर ते वयानं बदललं, की मधल्या चाळीस वर्षांत जग बदललं म्हणून? आणि आजच्या १७ वर्षांच्या मुलीचं मत वेगळं निघालं, तर ते काळामुळे, की ती वेगळ्या पिढीत जन्मली म्हणून? वय, काळ आणि पिढी ही तीन कारणं वेगवेगळी दिसतात, पण वय म्हणजे चालू वर्षातून जन्मवर्ष वजा. दोन आकडे कळले की तिसरा आपोआप ठरतो, त्यामुळे तिघांचा परिणाम निव्वळ गणितानं वेगळा काढता येत नाही. कितीही मोठा नमुना घ्या, सॉफ्टवेअर कितीही महाग घ्या, बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. निदान काय गृहीत धरलं ते लिहा तरी. आरआरसीत हा प्रश्न आला आणि उत्तर नसलं की घाम फुटतो, अनुभव आहे.

मग मी त्या त्या वेळचे, तारीख असलेले पुरावे शोधायला लागले. तुमसरच्या बाजारात रद्दीत एक जुनी कादंबरी मिळाली, वाचनालयाचा शिक्का पुसट झालेली. नायक नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतो, त्या पानाच्या समासात पेन्सिलनं लिहिलंय ‘शाब्बास!’ त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, ‘मेल्या’. मी नाचायचीच बाकी होते! मागे तारखांची चिठ्ठीही होती, १९८१ पासून १९९४ पर्यंतची. पण कोणता शेरा कोणत्या तारखेचा, ते कळायला मार्ग नाही. ‘शाब्बास’ आधीचा आणि ‘मेल्या’ नंतरचा असं मानायचा मोह होतो, कारण वर-खाली तसे लिहिलेत. कदाचित दोघींनी एकाच आठवड्यात पुस्तक नेलं असेल. आणि दोघीच कशाला म्हणायचं, ‘शाब्बास’ एखाद्या पुरुषाचाही असेल.

तारीख, नाव, गाव सगळं असलेला पुरावाही आहे, कोर्टातला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये तो निकाल फिरवला, आणि समाजाच्या कल्पना झपाट्यानं बदलत आहेत अशी नोंदही केली. त्याआधी पाचच वर्षं, १९६४ मध्ये, त्याच न्यायालयानं ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्याची शिक्षा कायम केली होती. सरळ आलेख काढावा असं वाटतं ना? काढू नका. पुस्तकं दोन, खंडपीठं दोन. शिवाय कोर्टापुढचा प्रश्न कलम २९२ चा होता, म्हणजे मजकूर अश्लील आहे का एवढाच. नायक नायिकेशी कसा वागतो हा प्रश्नच तिथं नव्हता. आपल्याला हवी ती प्रतिक्रिया या कागदात नाही, कारण ती कुणी विचारलीच नव्हती. प्रतिक्रिया नोंदलेली नाही म्हणजे ती नव्हती, असं होत नाही.

अमेरिकेत मात्र एकीनं त्याच काळात जाऊन विचारलं. जॅनिस रॅडवे यांचं ‘रीडिंग द रोमान्स’ १९८४ मध्ये आलं. एका पुस्तकविक्रेतीभोवती जमलेल्या बायकांशी त्या सविस्तर बोलल्या. प्रश्नावली भरणाऱ्या ४२ जणी होत्या. आपली अपेक्षा काय, तर त्या काळच्या बायकांना रगेल नायक चालत असणार. त्यांनी सांगितलं ते उलट: क्रूर नायक नको, बलात्कार तर नकोच, समजूतदार आणि हळवा हवा. इथं थांबलं असतं तर ‘वाचक बदललेच नाहीत’ असं म्हणता आलं असतं. पण त्यांच्या आवडत्या पुस्तकांत कॅथलीन वूडिविस यांची १९७२ ची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ होती, आणि तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो. त्यावर त्यांचं म्हणणं, त्याचा गैरसमज झाला होता.

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘असा नायक आवडतो का?’ या प्रश्नाचं उत्तर एक येतं, आणि ‘हे पुस्तक आवडलं का?’ याचं दुसरं. दोन्ही खरी असतात. तुम्ही १९८० मधलं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेतलं, आजचं पहिल्या प्रश्नाचं घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवलीत, तर ‘बदल’ हमखास दिसेल. तो वाचकांत झालेला नसेल, तुमच्या प्रश्नात झालेला असेल. जुने लेख वाचताना आधी मूळ प्रश्नावलीचे शब्द पाहा, परिशिष्टात असतात. माझ्या मते निष्कर्षापेक्षा परिशिष्ट आधी वाचावं.

शिवाय ज्यांना तो नायक सहनच झाला नाही, त्यांनी ती पुस्तकं केव्हाच सोडली. आज तुम्ही ‘नियमित वाचक’ म्हणून ज्यांना गाठता, त्या टिकून राहिलेल्या असतात. सोडून गेलेल्यांना शोधायला वाचनालयाचं जुनं सभासद-रजिस्टर लागतं. खेड्यापाड्यात ते मिळालं तर आधी फोटो काढून ठेवा. वाळवी तुमच्या नोंदणीच्या तारखेची वाट पाहत नाही.

आता माझ्या मसुद्यात ते वाक्य नाही. त्याजागी आहे: ‘दांडग्या नायकाविषयी कोण, केव्हा, कोणत्या प्रश्नाला उत्तर देताना काय म्हणालं, याची नोंद.’ वाक्य आखूड झालं, काम वाढलं. ‘किर्लोस्कर’ आणि १९३० साली सुरू झालेलं ‘स्त्री’ या मासिकांचे जुने अंक मिळतील तिथून चाळायला घेतलेत. तिथली वाचकपत्रं छापण्याआधी संपादकाच्या हाताखालून गेलेली असणार, तेही गृहीत धरून.

आईला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. समासातले शेरे मात्र दाखवले. तिनं चष्मा लावून दोन्ही वाचले आणि पुस्तक मांडीवरच ठेवून घेतलं. मला नोंदीसाठी हवंय म्हटलं तर म्हणाली, “थांब, त्यानं शेवटी माफी मागतली का नाही, ते पाहू दे.”