मोडलेल्या मातीचा माग

जमिनीत रेडिओलहरी सोडून खालचं शोधणारं ग्राउंड पेनेट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर, आपल्या शहरांत रस्ता खोदण्याआधी जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या हुडकायला वापरतात. हेच यंत्र पोलीस तपासात गुपचूप पुरलेले मृतदेह शोधायला नेतात, त्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून पुण्यातल्या एका रस्त्यावर जीपीआर ढकलणाऱ्या ऑपरेटरच्या मागे सकाळभर चाललो. बाबागाडीएवढा गाडा, खाली जमिनीला घासत जाणारा चपटा डबा, त्यात अँटेना, चाकाला अंतर मोजणारी सोय आणि मुठीजवळ पडदा.

लहरीचा स्पंद खाली जाताना वेगळ्या गुणधर्माचा थर लागला, की त्याचा काही भाग परततो. परतायला किती नॅनोसेकंद लागले त्यावरून खोली काढायची. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, मातीत साधारण १० किंवा त्याहून कमी. ऑस्ट्रियातल्या हिमनदीची जाडी रेडिओलहरींनी मोजली गेली ती १९२९ मध्ये, आणि १९७२ मध्ये अपोलो १७ ने याच कुळातलं उपकरण चंद्रावर नेलं. इतिहास एवढा पुरे. मला खिळवून ठेवलं ते पडद्यावरच्या कमानीनं.

डबा अजून पाइपच्या अलीकडेच असतो, तरी तिरकी गेलेली लहर पाइपला लागून परतते. ते अंतर जास्त, म्हणून खूण खोल उमटते. डबा जवळ सरकतो तशी खूण वर चढते, बरोबर डोक्यावर आला की शिखर गाठते, पुढे गेला की पुन्हा उतरते. पडद्यावरची कमान वस्तूच्या आकारातून येत नाही, ती यंत्राच्या चालण्यातून येते. कमानीच्या पायांचा उतार पाहून ऑपरेटर त्या मातीतला लहरीचा वेग ओळखतो, आणि वेग कळला की खोलीही कळते. पण झाडाचं जाड मूळ, मोठा दगड, पाइप आणि शवपेटी या चारही गोष्टींच्या कमानी जवळपास सारख्याच दिसतात.

हाडं तर बहुधा दिसतच नाहीत. खड्डा मात्र दिसू शकतो. जमिनीचे थर एकदा कापले की पुन्हा जसेच्या तसे बसत नाहीत. वरची माती खाली जाते, भरण सैल राहतं, पाणी तिथे वेगळं मुरतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी डुकरांची कलेवरं पुरून वर्षानुवर्षं त्यांच्यावरून यंत्रं फिरवली. ताडपत्रीत गुंडाळलेलं कलेवर रडारला दीर्घकाळ ओळखता येत राहिलं, उघडंच पुरलेलं शोधणं बरंच अवघड गेलं.

या कामाचं सर्वांत मोलाचं उदाहरण फ्लोरिडातलं आहे. मारिआना गावातलं मुलांचं सुधारगृह १९०० मध्ये सुरू झालं आणि २०११ मध्ये बंद पडलं. मारहाणीच्या कहाण्या माजी विद्यार्थी पुढे कित्येक वर्षं सांगत होते. आवारात ‘बूट हिल’ नावाची दफनभूमी आहे, तिथे पाइपचे ३१ पांढरे क्रूस उभे होते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ एरिन किमरली आपला चमू घेऊन तिथे गेल्या. त्यांनी रडार फिरवलंच, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उथळ चर खणून मातीचा रंग कुठे बदलतो, कापाची कड कुठे दिसते, हे डोळ्यांनी तपासलं. २०१२ अखेर कबरींचा त्यांचा अंदाज पन्नासच्या आसपास होता. उत्खननाचा परवाना आधी नाकारला गेला, मग ऑगस्ट २०१३ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं परवानगी दिली. डिसेंबरपर्यंत ५५ कबरी उघडल्या. त्यातल्या अवघ्या १३ क्रुसांच्या भागात होत्या. बाकीच्या झाडीत, जुन्या वाटेखाली, एक तर तुतीच्या झाडाखाली. बटणं, पट्ट्यांचे बक्कल, पेट्यांचे खिळे मिळाले. एका मुलाजवळ एक गोटी होती.

पहिली ओळख २०१४ मध्ये पटली, १९४० साली नाहीशा झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाची. बहिणीच्या डीएनएशी त्याचा मेळ बसला. मला किमरलींबद्दल आदर वाटतो तो इथे. रडारनं जागा सुचवली, पण नाव परत मिळवून दिलं ते खुरप्यानं, प्रयोगशाळेनं आणि सत्तर वर्षं वाट पाहणाऱ्या घरानं.

त्याच आवारात पुढे जे घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. २०१९ मध्ये इंधनाच्या जुन्या टाकीचं प्रदूषण साफ करताना रडारवर २७ संशयास्पद जागा दिसल्या. बातमी ‘आणखी २७ संभाव्य कबरी’ अशी पसरली. किमरलींच्या चमूनं खोदलं तेव्हा कबर एकही निघाली नाही. त्या खुणा झाडांच्या मुळांच्या होत्या. ज्या घरांना अजून आपलं मूल सापडलेलं नव्हतं, त्यांचे ते मधले महिने कसे गेले असतील?

कॅनडात हे याहून मोठ्या प्रमाणावर झालं. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या, आदिवासी मुलांसाठीच्या जुन्या निवासी शाळेच्या जागी रडारच्या आधारे २१५ मुलांचे अवशेष सापडल्याची घोषणा झाली. जुलैमध्ये सर्वेक्षक सारा बोल्यू यांनी आकडा सुमारे २०० वर आणला आणि उत्खननाशिवाय या जागांना निश्चित कबरी म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. निवासी शाळांत हजारो मुलं दगावली, याला कागदोपत्री आधार आहे. पण घोषणेतला शब्द पुराव्याच्या पुढे धावला, आणि तीच फट धरून काही लोक आता त्या मृत्यूंवरच शंका घेतात. घाईची किंमत मेलेल्या मुलांनी मोजावी, हे मला सहन होत नाही.

आपल्या शेजारी कर्नाटकात, मृतदेह गुपचूप पुरल्याच्या आरोपावरून झालेल्या धर्मस्थळच्या तपासात, ऑगस्ट २०२५ मध्ये तक्रारदारानं दाखवलेल्या तेराव्या ठिकाणी ड्रोनला जोडलेलं रडार फिरवलं गेलं. तिथे खोदल्यावर मानवी अवशेष मिळाले नाहीत. डबा जमिनीपासून उंच असला, की लहरीचा बराच भाग पृष्ठभागावरूनच मागे फिरतो, हे पडद्याकडे डोळे लावून बसलेल्यांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उद्या महाराष्ट्रात एखाद्या तपासात हे यंत्र आणलं, तर पहिली अडचण जमिनीचीच असेल. कोरड्या वाळूत रडार कित्येक मीटर खाली जातं. ओली काळी माती लहर गिळून टाकते. तिच्यातल्या चिकणमातीतून आणि विरघळलेल्या क्षारांतून वीज सहज वाहते, म्हणून तिथे मीटरभर खाली पोचणंही कठीण. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, आणि प्रत्येक भेग पडद्यावर स्वतःची खूण सोडते. अशा शिवारात जमिनीचा विद्युतरोध मोजणारं यंत्र, वास घेणारी कुत्री आणि एकेक थर सोलून काढणारे प्रशिक्षित हात बरोबर असायला हवेत. आणि ‘इथे काही दिसत नाही’ असं यंत्रानं म्हटलं, तर त्या शेताला तपासातून मोकळं करण्याचा अधिकार कुणालाही नसावा.