टिटवीच्या पोटाखालचा माठ

मे महिना संपत आलाय. सकाळचे दहा वाजलेत, पण ऊन आत्ताच चटके देतंय. आपण आलोय नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला. इथं गोदावरी आणि कादवा नद्या भेटतात. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी इथं बंधारा बांधला, मागं गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याची पाणथळ तयार झाली. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी अशा जागा जपण्याचा करार झाला. त्या करारातलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण म्हणजे हेच!

"पण थंडीतले पाहुणे पक्षी तर कधीच परत गेले. मग आता काय बघायचं?"

अरे, पुष्कळ! पाणी आटलं की मासे उरल्यासुरल्या डबक्यांत दाटीवाटीनं अडकतात. मग पक्ष्यांची पंगतच बसते. तो बघा चमचा, चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतोय. चित्रबलाक चोच उघडी ठेवून उभा आहे. मासा चोचीला लागला रे लागला, की खटकन मिटेल!

आता दुर्बीण त्या तापलेल्या माळाकडे वळवा. काळं डोकं, डोळ्यापुढं लाल कातडी, लांब पिवळे पाय. ओळखलीत ना? टिटवी! ती जमिनीवर बसलीय, कारण तिच्या पोटाखाली चार अंडी आहेत. अंड्यांचा रंग मातीसारखा आणि वर काळे डाग, त्यामुळे आजूबाजूच्या खड्यांत ती दिसतच नाहीत.

कोंबडी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब द्यायला. टिटवीला मात्र या उन्हात उलटीच काळजी आहे. अंडी फार तापली तर आतली पिल्लं दगावतील. मग ती काय करते?

हळू, आवाज नको. ती उठली. तिचा जोडीदार अंड्यांवर येऊन बसला. ती तुरुतुरु डबक्याशी गेली, पाण्यात वाकली आणि पोट बुडवून अंग हलवायला लागली. झालं! पोटाची पिसं चिंब भिजली. आता ती ठिबकत ठिबकत परत येतेय आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतेय.

आपल्या घरचा माठ आठवा. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. म्हणून पाणी गार राहतं. टिटवीची ओली पिसं नेमकं हेच करतात. दुपारभर नर आणि मादी दोघं आळीपाळीनं अशा खेपा घालतात.

घरी करून बघा. पाण्यानं भरलेल्या दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीला ओलं फडकं गुंडाळा. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं दोन्हीतल्या पाण्यात बोट बुडवून बघा!

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत "टिटीव्, टिटीव्" ओरडायला लागली, तर आल्या वाटेनं मागं फिरा. अंडी जवळच असतात. आपण तिथं जितका वेळ थांबू, तितका वेळ ती उन्हात उघडी पडतात.

टिटवीदेखील समुद्र आटवते, अशी म्हण आहे आपल्याकडे. समुद्राचं माहीत नाही, पण पिल्लांसाठी अख्खा उन्हाळा पोटाच्या पिसांतून पाणी वाहणारी टिटवी तुम्ही आज बघितलीत.