चालतील तेवढं चालू द्या!

"तुम्ही बसा हो आई, मी करते." घरोघरच्या सुना दिवसातून दहा वेळा हे म्हणतात. त्यात माया असते, तशी धास्तीही असते. पडल्या-बिडल्या तर? पण बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, तोल सावरत नाही, आणि भीती होती तेच पुढ्यात येतं.

जपानमध्ये आज दर दहा माणसांत जवळजवळ तिघं पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांचे पाय चालते राहावेत म्हणून तिथे अंगावर बांधायची यंत्रं निघाली आहेत. मोटारी बनवणाऱ्या होंडा कंपनीने १९९९ साली यावर संशोधन सुरू केलं आणि २०१५ साली यंत्र जपानमध्ये भाड्याने द्यायला काढलं. वजन फक्त २.७ किलो! कमरेला एक पट्टा, दोन्ही मांड्यांना एकेक, आणि खुब्यांपाशी लहानशा मोटारी. खुब्याचा सांधा किती वळतोय हे यंत्र मोजतं आणि पाऊल टाकताना मांडीला हलकासा रेटा देतं. दक्षिण कोरियात २०२४ साली आलेलं 'विम' तर याहूनही हलकं आहे.

गंमत म्हणजे 'विम'ची एक कळ मदत करायच्या ऐवजी पायांना अडवते! पाण्यातून चालताना जोर लावावा लागतो ना, तसंच. स्नायूंना व्यायाम व्हावा म्हणून ही युक्ती. म्हणजे एवढं हुशार यंत्रसुद्धा म्हाताऱ्या माणसाला उचलून नेत नाही. चालायचं त्यांनीच.

मैत्रिणींनो, ही यंत्रं महाग आहेत, पण त्यांच्यामागचा विचार फुकट घेता येतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात आलंच. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

घरातली घसरणारी पायपुसणी काढा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या, पायात घट्ट बसणाऱ्या चपला द्या. आणि देवपूजेची फुलं त्यांची त्यांना अंगणातून आणू द्या. वेळ लागेल, लागू दे. आपण फक्त सोबत असावं.