व्यापाऱ्याने मोबाईल कोणता घ्यावा?

कपड्याच्या पेढीवर पूर्वी तीन वस्तू कुलपात ठेवल्या जात: खातेवही, चेकबुक आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही. आज या तिन्ही खिशातल्या मोबाईलमध्ये आहेत. कुणाकडे किती उधारी आहे, कुणाला कोणता भाव दिला, बँकेचा ओटीपी, जीएसटीची कागदपत्रे, सर्व काही तेथेच. यातील बरीच माहिती आपली नसून गिऱ्हाइकांची अमानत आहे. तरीही मोबाईल घ्यायला गेलेले आपले व्यापारी बांधव दुकानदाराला दोनच गोष्टी विचारतात: कॅमेरा कसा आहे आणि किंमत किती? तागा घेताना आम्ही सूत, विणावट आणि रंगाचा पक्केपणा पाहतो. मोबाईल घेताना काय पाहावे, ते येथे सांगत आहोत.

प्रथम दोन गोष्टींतला फरक लक्षात घ्यावा. सुरक्षितता म्हणजे चोराला आत शिरता येऊ नये. खासगीपणा म्हणजे ज्या कंपनीला आपण स्वतःच आत घेतले, तिने आपली माहिती किती गोळा करावी याला मर्यादा असणे. कुलूप भक्कम असले तरी आतला नोकर पेढीच्या गोष्टी बाहेर सांगत असेल, तर नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

दुरुस्तीची मुदत

मोबाईल ज्या मूळ प्रणालीवर चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बाजारात मुख्यतः दोन आहेत: गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. दोन्हींत वेळोवेळी उणिवा सापडतात. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची उणीव उघडकीस आली. फोटो-व्हिडिओचा एक संदेश पाठवूनही तिच्यामार्फत फोनमध्ये शिरकाव करता येत होता. त्याच वर्षापासून गूगल सापडलेल्या उणिवांची व दुरुस्त्यांची यादी नियमितपणे जाहीर करू लागली.

यादी जाहीर झाली म्हणजे दुरुस्ती आपल्या फोनमध्ये आली, असे मात्र नाही. ती आधी फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, ती कंपनी आपल्या फोनवर तपासते आणि मग ग्राहकाला पाठवते. स्वस्त फोनांच्या बाबतीत हे काम रेंगाळते किंवा लवकरच बंद पडते. आणि यादी तर चोरही वाचतो. ज्या फोनला दुरुस्ती मिळत नाही, त्याचे भगदाड कोठे आहे हे त्याला आयते कळते. ॲपलची गोष्ट वेगळी आहे. फोन आणि प्रणाली दोन्ही तिचीच असल्याने दुरुस्ती सर्व चालू आयफोनांना एकाच वेळी मिळते.

म्हणून आमच्या मते पहिला प्रश्न असा विचारावा: या फोनला सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून ७ वर्षांचा वायदा केला. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस-२४ मालिकेला ७ वर्षे आणि त्याच वर्षीच्या स्वस्तातल्या गॅलेक्सी ए-१६ ला ६ वर्षे दिली. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ मिळाले; २०२५ च्या आयओएस २६ मध्ये तो वगळला गेला.

आता व्यापाऱ्याचा हिशेब करू. समजा, १० हजारांच्या फोनला २ वर्षे दुरुस्ती मिळते आणि ३० हजारांच्या फोनला ६ वर्षे. दोन्हींचा खर्च वर्षाला ५ हजारच पडतो. शिवाय पहिल्यात तिसऱ्या वर्षापासून धोका आहे, नाहीतर नवा फोन घेण्याचा खर्च आहे.

येथे एक खबरदारी हवी. ही वर्षे साधारणतः तो फोन बाजारात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. सवलतीत मिळणारा जुना स्टॉक किंवा वापरलेला फोन घेताना ७ वर्षांपैकी ३ आधीच निघून गेलेली असू शकतात. हाती असलेल्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

माहिती कोण गोळा करतो?

गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे, त्यामुळे आपण काय शोधतो, कोठे जातो, यात तिला रस असतो. ॲपलची मुख्य कमाई फोन विकण्याची आहे. २०२१ पासून आयफोनवर इतर ॲपांना ग्राहकाचा माग काढण्यापूर्वी परवानगी मागावी लागते. तरीही ॲपलला अगदी निःस्वार्थी समजू नये. तिच्या फोनवर गूगलचे शोधयंत्र ठेवण्यासाठी गूगलने तिला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. अँड्रॉइड वापरणाऱ्यांना २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये आपली जाहिरात ओळख पुसता येते. कोणत्या ॲपने माइक, कॅमेरा किंवा ठिकाण केव्हा वापरले, तेही पाहता येते. हिशेबाच्या ॲपला माइक कशासाठी हवा, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि नको ती परवानगी काढून घ्यावी.

ग्राफीनओएस नावाची तिसरी, मोफत प्रणालीही आहे. ती प्रामुख्याने पिक्सेल फोनांवर चालते आणि गूगलचा हस्तक्षेप पुष्कळ कमी करते. परंतु काही बँकांची ॲप तिच्यावर चालत नाहीत. ज्याचा रोजचा व्यवहार यूपीआयवर आहे, त्याने आधी आपल्या बँकेचे ॲप चालते का, याची खात्री करून घ्यावी. २०२१ साली गाजलेल्या पेगॅससारख्या हेरगिरीची ज्यांना भीती आहे, अशा पत्रकार-वकिलांसाठी ॲपलने २०२२ मध्ये ‘लॉकडाउन मोड’ दिला. सामान्य व्यापाऱ्याला एवढ्याची गरज पडत नाही. त्याला गाठणारा चोर साधा असतो.

रोजची खबरदारी

हा साधा चोर व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून एक फाईल पाठवतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडून ॲप बसवले आणि संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. अँड्रॉइडवर बाहेरचे असे ॲप बसवता येते, भारतातील आयफोनवर सहसा येत नाही. अँड्रॉइड घेतल्यास अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची सोय बंदच ठेवावी.

शक्य असल्यास दोन फोन ठेवावेत. ऑर्डरी आणि नमुन्यांचे फोटो यांसाठी दुकानाचा फोन नोकरांच्या हाती असू द्यावा. बँकेशी जोडलेला नंबर मात्र वेगळ्या फोनमध्ये, आपल्याच खिशात असावा. सिमला पिन लावावा. व्हॉट्सॲपमधील ‘जोडलेली उपकरणे’ ही यादी महिन्यातून एकदा पाहावी. काम सोडून गेलेल्या नोकराचा संगणक त्यात राहिलेला असू शकतो. *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तो बंद करवता येतो. पैसे गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम थांबवण्याची शक्यता अधिक.

थोडक्यात, दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: हा फोन बाजारात केव्हा आला? दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? हे कंपनीने लेखी जाहीर केले आहे काय? तिन्हींची उत्तरे मिळाल्यानंतरच किमतीची घासाघीस करावी.