डाव्या हाताचा वाद्यवृंद

हार्मोनियम वाजवणाऱ्याला तबलजी लागतो, आणि चांगला तबलजी आपल्या सवडीने घरी येत नाही. बेसवाला, गिटारवाला, ढोलकीवाला यांची तर गोष्टच सोडा. ही अडचण ज्या वाद्याने सोडवली त्याला दुकानदार अरेंजर कीबोर्ड म्हणतात. घरात मात्र, कंपनी कुठलीही असो, तो ‘कॅसिओ’च. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, उजव्याने चाल वाजवायची, की मागे ड्रम, बेस, गिटार असा सगळा ताफा सुरू. नव्या मॉडेलांनी दुकानं भरलेली असताना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे अरेंजर लोक शोधून घेतात, दुरुस्त करून वापरतात. ही ओढ निव्वळ आठवणींची आहे असं मला वाटत नाही.

या वाद्याची वंशावळ मोठी गमतीची. एक शाखा अमेरिकेतल्या दिवाणखान्यांतल्या ऑर्गनची. वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ ही ठेके वाजवणारी पेटी काढली. पुढे जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीचं ‘रिदम एस’ १९६७ मध्ये आलं आणि हॅमंडच्या ऑर्गनांत जाऊन बसलं. याच काकेहाशींनी १९७२ मध्ये रोलंड स्थापन केली. दुसरी शाखा इटलीची. आद्रियाटिक किनाऱ्याजवळच्या कास्तेलफिदार्दो गावात १८६३ पासून अकॉर्डियन बनतात. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला तयार कॉर्डची बटणं असतात: बोट एक, सूर तीन. डाव्या हाताने साथ आणि उजव्याने चाल ही विभागणी तिथल्या कारागिरांच्या अंगात मुरलेली. त्याच मार्के प्रांतातली सिएल ही कंपनी रोलंडने घेतली आणि १९८८ मध्ये ई-२० हा अरेंजर बाजारात आणला. कॉर्गची ‘पीए’ मालिकाही इटलीतच आकाराला आली.

या वाद्यांतल्या तयार ठेक्यांना कमी लेखणाऱ्यांनी कॅसिओच्या एमटी-४० ची हकीकत ऐकावी. १९८१ च्या या छोट्या कीबोर्डातला ‘रॉक’ ठेका हिरोको ओकुदा या तरुण संगीत-अभ्यासक मुलीने बसवला होता. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ यांचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ त्याच ठेक्यावर उभं राहिलं आणि रेगे संगीताची दिशाच बदलली.

अरेंजरच्या पोटात चालतं काय? प्रत्येक ‘स्टाइल’ म्हणजे एखाद्या वादकसंचाने आधीच बसवून ठेवलेले तुकडे: सुरुवात, मुख्य भाग, मधल्या जागा भरणारे ‘फिल-इन’, समाप्ती. यामाहाच्या पद्धतीत हे तुकडे बहुधा सा-ग-प-नी या एकाच कॉर्डवर ध्वनिबद्ध केलेले असतात. आपण दुसरी कॉर्ड धरली की कुठल्या वाद्याचा कुठला सूर कुठे सरकवायचा, याचे नियम त्या स्टाइलच्या फाइलमध्येच लिहिलेले असतात. बेसने मूळ स्वर पकडायचा, नव्या वाद्यांत गिटारने गिटारसारखीच मांडणी करायची, ड्रमने जागचं हलायचं नाही. हे सगळं बोट पट्टीवर पडताक्षणी.

माझ्या मते जुन्या अरेंजरच्या टिकण्याचं मर्म इथेच आहे. कराओके ट्रॅक तुम्हाला ओढत नेतो. अंतरा दोनदा घ्यावासा वाटला, एखादी जागा रमून घ्यावीशी वाटली, तरी तो थांबत नाही. अरेंजर मात्र तुमची वाट पाहतो: तुम्ही कॉर्ड बदलेपर्यंत तिथेच फिरत राहतो, फिल-इन दाबलं की वळण घेतो. याला साथ म्हणतात. आणि हे काम २००१ चा यामाहा पीएसआर-२००० आजच्या महागड्या मॉडेलाइतक्याच इमानाने करतो. त्यानंतरच्या वर्षांत सुधारला तो मुख्यतः आवाज. साथीचं मूळ व्याकरण तोवर पक्कं झालं होतं.

शिवाय बटणं. जुन्या वाद्यांत बहुतेक कामाला स्वतंत्र बटण असतं, त्यामुळे चालू गाण्यात पडद्यावरचे मेनू उघडत बसावं लागत नाही. गायकाने ऐन वेळी ‘काळी चार नको, काळी दोन घ्या’ म्हटलं तर सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण पाचदा दाबून मोकळं. साध्या पेटीवर हे सुख कधी नव्हतं.

आपल्या संगीताशी मात्र या यंत्राचं जमतं तेवढंच जमतं. केरवा, दादरा सहज बसतात; रूपक हवा असेल तर सात मात्रांचा ठेका सहसा तयार मिळत नाही. भैरवीतलं पद वाजवताना मागच्या एखाद्या वाद्याने नको तो सूर घेतला की जीव खालीवर होतो. यावर एक साधा उपाय आहे. यामाहाच्या अनेक कीबोर्डांत डाव्या हाताने फक्त सा आणि प धरले तरी ती कॉर्ड म्हणून ओळखली जाते, आणि गंधार नसलेली साथ मिळते. मींड पिच-बेंडच्या चाकावर, तीही बेताची. जुन्या मॉडेलांतली सतार तर ऐकवत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. हिंदी चित्रपटांत सेबॅस्टियन डिसूझा किंवा मराठीत अनिल मोहिले यांच्यासारखे संगीत-संयोजक जे करत, ते इथे शोधू नये. कुठे काहीच वाजू नये हे त्यांना कळत असे. यंत्राला ते आपण सांगायचं, ड्रम किंवा बेस बंद करून.

आता जुना अरेंजर घ्यायचाच असेल तर. पट्ट्यांखाली रबराचे कार्बन लावलेले संपर्क असतात. धूळ बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा एकदम जोरात बोलते. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे दाबून पाहावी. बहुतेकदा साफसफाईने काम भागतं. पीएसआर-२००० मध्ये फ्लॉपी आहे, २००४ च्या पीएसआर-३००० मध्ये स्मार्टमीडिया कार्ड. दोन्ही आता मिळणं दुरापास्त. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा ‘गोटेक’ बसवता येतो, आणि स्टाइलची फाइल इतकी छोटी की १.४४ मेगाबाइटमध्ये कितीतरी मावतात. यामाहाने २००८ मध्ये टायरोस-३ या अरेंजरबरोबर स्टाइलची नवी रचना आणली. नव्या वाद्यांवर जुन्या स्टाइल चालतात, पण नव्या रचनेतल्या जुन्यांवर थेट चालत नाहीत. तेव्हा फुकट मिळालेला साठा भरण्याआधी तो कुठल्या पिढीचा हे विचारून घ्यावं.

अडॅप्टरची चूक सगळ्यांत महागात पडते. यामाहाच्या पिनचा मधला भाग धन असतो, जुन्या कॅसिओंचा ऋण. व्होल्टही १२, १६, ९ असे वेगवेगळे. घरात सापडेल तो अडॅप्टर लावू नये. आणि पडद्याचा मागचा उजेड मेलेला असेल तर किंमत घासाघीस करून उतरवावी, पण सौदा मोडू नये. दिवा बदलून देणारा कारागीर जवळ आहे का, एवढं आधी पाहून ठेवावं.