दोन रिले, एक मोटर

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण 'रिले' या शब्दाने मला गाडीच्या वायरिंगपर्यंत नेलं. इंग्रजीत तो आधी वाटेत बदलायच्या ताज्या घोड्यांसाठी होता, मग तारायंत्रात शिरला. आमच्या डिंडोलीतल्या गॅरेजवर बोलणं खानदेशी, तरी रिलेला सगळे रिलेच म्हणतात. कामही तेच: बटणातला बारीक करंट थांबतो, पुढे बॅटरीचा ताजा करंट धावतो.

दाराच्या लॉकची मोटर घ्या. तिला दोनच वायरी. प्लस-मायनसची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. ही अदलाबदल पाच पिनांचे दोन रिले करतात. 85 आणि 86 ही कॉइलची टोकं. 30 ही पिन एरवी 87ए ला टेकलेली असते. कॉइलला करंट मिळाला की 87 ला चिकटते.

आता जोडणी. दोन्ही 87 फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला. दोन्ही 87ए गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. प्रत्येक 30 मोटरच्या एकेका वायरीला. दोन्ही 85 अर्थला. 86 पैकी एक 'लॉक'च्या बटणाला, दुसरी 'अनलॉक'च्या. एक बटण दाबलं की एकच वायर प्लस होते, दुसरी अर्थलाच राहते. चुकून दोन्ही दाबली तर दोन्ही वायरी प्लस. मोटर जागची हलत नाही, शॉर्टही होत नाही.

बटण मात्र सोडताच सुटणारं हवं, नाहीतर दार लागल्यावरही करंट चालू राहून मोटर जळेल. फ्यूज बॅटरीजवळच बसवा आणि उडाला तर त्याजागी तार गुंडाळू नका. सोललेली वायर बॉडीला टेकली, तर गाडी आणि आगीच्या मध्ये तेवढाच एक फ्यूज उभा असतो.