पाच हजार वर्षं न गळलेलं छप्पर

न्यूग्रेंजला बहुतेक लोक उजेडासाठी जातात. मी गेले छपरासाठी. आयर्लंडमधल्या बॉइन नदीजवळचं हे थडगं इ.स.पू. 3200च्या सुमाराचं, आणि त्याच्या गाभाऱ्याचं छत अजून गळलेलं नाही, एवढं वाचलं आणि राहवेना.

पाऊस लागला होता. 19 मीटर लांबीच्या अरुंद वाटेने अंग चोरून आम्ही आत गेलो. गाइड बाईंनी बॅटरी वर धरली. शिळांचे थर, प्रत्येक थर खालच्याहून जरा आत सरकलेला. 6 मीटरवर एका शिळेने तोंड बंद केलेलं. चुन्याचं बोटही नाही. आमच्या भिजलेल्या रेनकोटांचा कुबट वास तेवढा येत होता. "ही ओल तुम्ही आणलीत," बाई म्हणाल्या. "हे छत पाच हजार वर्षं कोरडं आहे."

युक्ती उतारात आहे. प्रत्येक शिळा बाहेरच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे झिरपलेलं पाणी गाभाऱ्यात न येता बाहेर, थडग्यावर रचलेल्या ढिगाऱ्यात जातं. वाटेवरच्या छतशिळांच्या पाठीवर तर पन्हळी कोरल्या आहेत आणि सांधे भाजलेली माती व समुद्राची वाळू ठासून बुजवलेत. 1962 ते 1975 इथे उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांना त्या मातीतल्याच कोळशाने थडग्याचं वय सांगितलं. धातू माहीत नसलेल्या काळात कुणीतरी दगडाने दगड टोचत त्या पन्हळी काढल्या. वर ढिगारा चढला की त्या कुणालाच दिसणार नव्हत्या. त्या कारागिराचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दाराच्या वरच्या झरोक्यातून हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य 17 मिनिटं आत येतो. ओ'केलींनी तो 1967 साली पाहिला. बाईंनी दिवे मालवून विजेच्या झोताने तो दाखवला, तेव्हा सगळे हरखले. मी छताकडेच बघत होते.

बाहेरची पांढऱ्या गारगोटीची भिंत मात्र मला पटली नाही. खाली पडलेले दगड उचलून, मागे काँक्रीट घालून ती विसाव्या शतकात उभारली. मुळात ती अशी उभी होती का, यावर पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही. सगळे फोटो तिचेच निघतात. गाभाऱ्याच्या छताची दुरुस्ती कधी झाली, असं मी बाईंना विचारलं.

"एकदाही नाही. पाच हजार वर्षं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गटाला आत घेऊन गेल्या.